‘खाण तशी माती’ आणि धरणगावचा पुरावा

एखादा पोरगा मारामारीत सापडला की पारावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘रक्तातच आहे त्याच्या. खाण तशी माती.’ खानदेशात हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलो, आणि दर वेळी मला जळगाव जिल्ह्यातलं धरणगाव आठवतं.

1818 साली इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा सातपुडा आणि सातमाळ्यातल्या भिल्लांना त्यांनी जन्मजात लुटारू ठरवलं. तुकड्या डोंगरात घुसल्या, नायक पकडले, फासावर दिले. लूट थांबली नाही. मग 1825 साली जेम्स आउट्रम नावाच्या बाविशीतल्या लेफ्टनंटने धरणगावला त्याच भिल्लांची पलटण उभी केली. तो त्यांच्या पाड्यांत गेला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यावर विश्वास टाकला. ज्यांना लुटारू म्हटलं तेच रस्त्यांची राखण करू लागले. रक्त तेच होतं. बदलली होती ती वागणूक, आणि हातात आलेला पगार.

आउट्रमचा हेतू साम्राज्याचा होता, हे विसरायचं कारण नाही. पण या भिल्लांचं बालपण कुठल्या काळात गेलं होतं, तेही पाहावं. 1802 साली होळकरी फौजांनी खानदेश उजाड केला, पाठोपाठ दुष्काळ पडला. गावोगाव जागल्याचं काम करणारे भिल्ल डोंगरात गेले. 1825 साली पंचविशीत असलेला भिल्ल त्या उपासमारीत तीन-चार वर्षांचा होता.

धरणगावचा हा पुरावा सरकारच्या हाताशी असूनही 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा आला. सुताराचा पोर सुतार, तसा चोराचा पोर चोर, हा त्यामागचा तर्क. 1911च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंद झालेल्या माणसाला हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. त्याआधी 1897च्या दुरुस्तीत तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याची तरतूद झाली. चार वर्षांचं लेकरू! गुन्हा रक्तात असतो असं सांगणाऱ्या कायद्यानेच लेकरांच्या मनावर घाव घातला. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभर रद्द झाला. 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगार कायदा केला आणि संशय तसाच राहिला.

रक्ताचा मुद्दा विज्ञानाने पुढे पुन्हा तपासला, तो मात्र प्रामाणिकपणे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर माग ठेवला गेला. त्यांतल्या 442 मुलग्यांवरचा कॅस्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष 2002 साली आला. मेंदूतली काही रसायनं मोडणारं एक विकर असतं, मोनोअमाइन ऑक्सिडेज ए. त्याचं जनुक काहींमध्ये मंद असतं, आणि असं मंद जनुक त्या मुलांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शात होतं. ज्यांच्यात ते होतं आणि ज्यांनी लहानपणी मार, छळ, हेळसांड सोसली होती, ती मुलं एकूण मुलांच्या 12 टक्के. पण हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांपैकी 44 टक्के त्यांच्या नावावर. जनुक मंद, पण घर मायेचं, अशी मुलं इतरांसारखीच निघाली.

पुढच्या काही अभ्यासांत हा संबंध दिसला, काहींत दिसला नाही. 2014च्या एकत्रित पडताळणीत तो मुलग्यांमध्ये टिकला, तरी फार मोठा नव्हता. आक्रमकपणामागे एक जनुक नसतं, अनेक असतात, आणि प्रत्येकाचा वाटा छोटा. तरीही 2006 साली त्याच न्यूझीलंडमध्ये ‘लढवय्या जनुक’ म्हणून तेच जनुक माओरी समाजाला चिकटवलं गेलं. 1871ची चूक, नव्या शब्दांत.

आपल्याकडे या प्रश्नाची दुसरी, मायेची बाजू खानदेशातल्याच अमळनेरने दाखवली. 1924 पासून सहा वर्षं साने गुरुजी तिथल्या शाळेत शिकवत होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या झाडणं, आजारी मुलाच्या उशाशी बसणं हे त्यांचं रोजचं काम. लहानपणीच्या जखमेवर एका तरी भरवशाच्या मोठ्या माणसाची माया हा मोठा उतारा असतो, असं आज मानसशास्त्र सांगतं.

आणि मग राईनपाडा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात 1 जुलै 2018 रोजी, बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे भटके नाथपंथी डवरी गोसावी होते. त्या शेकडो हातांत कुठलं एक जनुक शोधणार? हात उचलणाऱ्यांच्या मनात अफवा होती, आणि भटक्या अनोळखी माणसाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला संशय होता. फेब्रुवारी 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

जनुक आपण बदलू शकत नाही. बालपण बदलू शकतो. आळीत, शाळेत, ऊसतोडीच्या कोपीवर एखादं लेकरू मार खाताना, उपाशी, एकटं दिसलं, तर ‘खाण तशी माती’ म्हणू नका. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा 1098 लावा. हा क्रमांक मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो.