वजनाची शस्त्रक्रिया आणि कातडीची काळजी

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ही आता फक्त मुंबई-पुण्याची गोष्ट राहिलेली नाही. जिल्ह्याच्या गावांतले रुग्णही मोठ्या शहरात जाऊन ती करून येतात. जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करणे, किंवा जठर लहान करून ते पुढच्या आतड्याला जोडणे, हे तिचे नेहमीचे दोन प्रकार. शस्त्रक्रिया ठरली की घरची माणसे खर्च विचारतात, जिवाला धोका किती ते विचारतात, किती किलो उतरतील ते विचारतात. कातडीबद्दल सहसा कुणी विचारत नाही. आधीची पुरळ, नंतरचे व्रण आणि वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी, या तिन्हींचा त्रास मात्र अनेकांना होतो. वेळीच लक्ष दिले तर यातला बराचसा त्रास टळतो.

घडीत पुरळ का उठते?

पोटाच्या वळीखाली, स्तनांखाली, काखेत आणि जांघेत कातडी कातडीवर टेकलेली असते. तिथे वारा लागत नाही, घाम सुकत नाही. त्यात चालताना घर्षण होते. कातडीचा वरचा थर भिजून सोलवटतो आणि मग बुरशी व जंतूंना आयते घर मिळते. मधुमेह असेल तर पुरळ वारंवार उठते आणि लवकर हटत नाही.

याचा अस्वच्छतेशी संबंध जोडू नये. दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही हा त्रास होतो. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की लाजेपोटी अनेक जण, विशेषतः स्त्रिया, हे दुखणे कुणालाच दाखवत नाहीत. वास येऊ नये म्हणून जंतुनाशक द्राव चोळतात, वर पावडर थापतात. द्रावाने कातडी आणखी सोलते. पावडर घामात भिजली की तिचा लगदा होतो आणि तोच घडीत घासत राहतो.

प्रत्येक पुरळ एकाच जातीची नसते. घडी लाल, ओलसर आणि कडेने बारीक लाल पुटकुळ्या असतील तर बहुधा कँडिडा नावाची बुरशी असते. गोल चट्टा, उचललेली कड, कोंडा आणि भयंकर खाज असेल तर तो गजकर्ण. तपकिरी रंगाचा, फारशी खाज नसलेला डाग जंतूंमुळे येऊ शकतो. कधी सोरायसिसही घडीत येतो. मानेवरची किंवा काखेतली काळी, मखमलीसारखी जाड कातडी मात्र मळ नव्हे, ती घासून जात नाही. शरीरात इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची ती खूण असते. अशी कातडी दिसली तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. वजन उतरले की ती बहुधा फिकी होते.

दुकानातले मलम घातक

औषधाच्या दुकानात ‘खाजेचे मलम द्या’ म्हटले की बऱ्याचदा बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टेरॉईड एकत्र असलेली नळी हातात पडते. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून रुग्ण खूश होतो. स्टेरॉईडने दाह दबतो, पण बुरशी आत वाढतच राहते. मलम थांबवले की पुरळ दुप्पट जोमाने येते. महिनोन्महिने ते लावले तर घडीतली नाजूक कातडी पातळ होते आणि गर्भारपणी पोटावर येतात तसे पट्टे जांघेत उमटतात. ते पट्टे कायमचे असतात. केंद्र सरकारने २०१८ साली स्टेरॉईडची चौदा मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, ती याच गैरवापरामुळे. डॉक्टरांनी बुरशीचे औषध दिले असेल तर खाज थांबली म्हणून ते सोडू नये. सांगितलेले दिवस पुरे करावेत.

रोजची काळजी साधी आहे. आंघोळीनंतर घडी उचलून टॉवेलने टिपावी, खसखसून पुसू नये. मग पाच मिनिटे पंख्याखाली वाळू द्यावी. घडीत जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा मऊ, धुतलेला तुकडा ठेवावा आणि तो ओला झाला की बदलावा. परकराची किंवा सलवारीची नाडी घडीत रुतत असेल तर तिच्या जागी रुंद पट्टा शिवून घ्यावा. पुरुषांनी कमरेचा करदोटा काही काळ काढून ठेवावा. पावसाळ्यात कपडे दमट राहतात. ते इस्त्री फिरवून मगच घालावेत. गजकर्ण असेल तर टॉवेल आणि कपडे घरात वेगळे ठेवावेत. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यालाही एकाच वेळी औषध द्यावे लागते.

शस्त्रक्रियेआधी

घडीत ओली पुरळ, गळू किंवा जखम असेल तर ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आधी दाखवावी. छेद घेण्याच्या जागेजवळ जंतू असले की जखम चिघळण्याचा धोका वाढतो. त्यासाठी तारीख दोन-तीन आठवडे पुढे गेली तरी हरकत नाही. लपवल्याने नुकसान रुग्णाचेच होते. छेदाच्या जागेवर घरी वस्तरा फिरवू नये. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. तंबाखू, बिडी, सिगारेट आणि मिश्री काही आठवडे आधीच बंद करावी. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट आठवून सांगावी. कान टोचल्यावर किंवा देवीची लस टोचल्यावर तुम्हाला किंवा सख्ख्या नात्यात कुणाला मोठी, कडक गाठ आली होती का? आली असेल तर तुमच्या कातडीला ‘कीलॉईड’ होण्याची प्रवृत्ती असू शकते. डॉक्टरांना हे आधी कळलेले बरे.

टाके आणि व्रण

जठराची ही बायपास शस्त्रक्रिया अमेरिकेत डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली सुरू केली. तेव्हा पोट उघडूनच ती करावी लागे आणि पोटावर लांब व्रण राहत असे. १९९०च्या दशकात ती दुर्बिणीतून करता येऊ लागली. आता बहुतेक रुग्णांच्या पोटावर बोटाच्या पेरापेक्षाही लहान असे चार-सहा छेद असतात.

जखमेवर हळद, राख, तेल किंवा कुणी सांगितलेला पाला लावू नये. जखम कोरडी ठेवावी आणि आंघोळीला डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरुवात करावी. जखमेभोवती लाली पसरत गेली, पू आला, ताप भरला, किंवा नाडी जलद होऊन पोटात दुखू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता शस्त्रक्रिया झालेल्या दवाखान्याशी संपर्क साधावा. पोटरी सुजून दुखत असेल तरी तसेच करावे.

जखम पूर्ण भरल्यावर, खपली गळून गेल्यावर, व्रणाची काळजी सुरू होते. व्रण पहिले काही महिने लाल किंवा काळसर दिसतो. तो फिका आणि मऊ व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते, म्हणून लवकर निराश होऊ नये. बोटाने हलका मसाज आणि सिलिकॉनचे जेल किंवा पट्टी यांचा उपयोग होतो. पट्टी दिवसातले बारा तास किंवा अधिक, दोन-तीन महिने लावावी लागते. साडीत पोटाचा भाग उघडा राहत असेल तर व्रण उन्हापासून झाकावा, नाहीतर डाग गडद होतो. व्रण जाड होऊन जखमेच्या मूळ रेषेबाहेर पसरू लागला, खाजू लागला, तर लगेच त्वचातज्ज्ञांना दाखवावे. त्यात स्टेरॉईडचे इंजेक्शन देतात. घडीत मनाने लावून नुकसान करणारे औषधच इथे तज्ज्ञांच्या हाती उपयोगी पडते.

जखम नीट भरायला प्रथिने हवीत. शस्त्रक्रियेनंतर खाणे फार थोडे होते, तरी रोज साधारण साठ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे सांगितले जाते. डाळ, पनीर, दही, अंडी, मासे यांना घासात पहिला मान द्यावा. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि जस्त यांच्या गोळ्या कंटाळून सोडू नयेत. त्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतात. जस्त कमी पडले तर तोंडाभोवती आणि बोटांवर पुरळ येते, जखमा रेंगाळतात. तीन ते सहा महिन्यांनी केस गळतात ते बहुधा पुन्हा येतात, पण गळणे थांबत नसेल तर रक्त तपासून घ्यावे.

लोंबणारी कातडी

वजन भराभर उतरते, पण कातडी तेवढी आकसत नाही. वर्षानुवर्षे ताणून तिचे लवचिक तंतू तुटलेले असतात. व्यायामाने स्नायू भरतात, पण सैल झालेली कातडी व्यायामाने किंवा कोणत्याही मलमाने आवळत नाही. अशा जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. घडी आता रिकामी, पण अधिक लोंबती होते. त्यामुळे वजन उतरूनही पुरळ पुन्हा उठू शकते. तेव्हा वर सांगितलेली रोजची काळजी चालू ठेवावी.

जास्तीची कातडी काढण्याची शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जन करतात. ती घाईने करू नये. पहिल्या शस्त्रक्रियेला साधारण वर्ष-दीड वर्ष झालेले असावे आणि वजन काही महिने एकाच जागी स्थिर असावे. या शस्त्रक्रियेचा व्रण एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत लांब असतो, हे आधीच समजून घ्यावे. अनेक रुग्ण तो आनंदाने पत्करतात, कारण चालणे सोपे होते आणि घडीतली जळजळ थांबते. काहींना त्याची गरजच वाटत नाही. दोन्ही निर्णय योग्यच.

विमा कंपन्या ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी आहे असे म्हणून सहसा खर्च नाकारतात. म्हणून घडीतल्या पुरळीसाठी घेतलेल्या प्रत्येक उपचाराची चिठ्ठी, बिल आणि तारखेसह फोटो जपून ठेवावेत. हा त्रास दिसण्याचा नसून दुखण्याचा आहे, हे दाखवायला ती कागदपत्रे उपयोगी पडू शकतात.

घरच्यांनाही एक सांगणे. लोंबत्या कातडीवरून किंवा व्रणावरून थट्टा करू नये. पाठीमागची घडी कोरडी करायला, मलम लावायला रुग्णाचा हात पोहोचत नाही, तेव्हा मदत करावी. आणि रुग्णांनी डॉक्टरांपुढे घडी उचलून दाखवायला संकोचू नये. त्यांनी अशा घड्या रोज पाहिलेल्या असतात. न दाखवलेल्या पुरळीवर मात्र त्यांना उपचार करता येत नाहीत.