तिकीट स्वस्त की मजुरी?

सिनेमा पाहावा की नाही, हा वाद आम्ही आलिमांवर सोपवतो. आम्हाला पाहायचा आहे तो फक्त हिशोब.

सप्टेंबर २०२२ मध्ये तीन देशांत 'सिनेमा दिन' पाळला गेला. त्या दिवशी तिकीट अमेरिकेत ३ डॉलर, ब्रिटनमध्ये ३ पौंड आणि भारतात ७५ रुपये. तेव्हाच्या दराने ३ डॉलर म्हणजे सुमारे २४० रुपये. मग आपला सिनेमा स्वस्तच, असे कोणीही म्हणेल. पण कारागिराने रुपयांत मोजू नये, तासांत मोजावे. अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, म्हणजे पंचवीस मिनिटांत तिकीट सुटले. ब्रिटनमध्ये साडेनऊ पौंड, तिथे वीस मिनिटेही लागली नाहीत. आपल्याकडे केंद्राने ठरवलेली किमान पायाभूत मजुरी दिवसाला १७८ रुपये. आठ तासांचा दिवस धरला तर ७५ रुपयांसाठी तीन तासांहून जास्त राबावे लागते, आणि तेही सवलतीच्या दिवशी! शुक्रवारी माग बंद ठेवून थिएटर गाठणाऱ्या मालेगावच्या विणकराला हे गणित वेगळे सांगायला नको.

सौदीत एप्रिल २०१८ मध्ये रियाधला चित्रपटगृह उघडले, तेव्हा तिकीट होते ७५ रियाल, जवळपास १,३०० रुपये. तिकिटे उतरावीत म्हणून २०२४ मध्ये तिथे परवाना शुल्कच घटवले गेले.

आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के कायम. म्हणजे दिलासा मिळाला तो एकपडदा थिएटरवाल्याला. त्यातले गिऱ्हाइकाच्या पदरात किती पडले, ते तिकीट-खिडकीवरच पाहावे.