विश्लेषण : पाण्याखालचा श्वास कशाच्या भरवशावर? रेग्युलेटर पिस्टनचा चांगला की डायफ्रॅमचा?

सुट्ट्या लागल्या की मालवण-तारकर्लीत स्कूबासाठी गर्दी होते. पर्यटकाचे लक्ष मासे, प्रवाळ आणि पाण्याखाली काढल्या जाणाऱ्या व्हिडीओकडे असते. तोंडात दिलेला रेग्युलेटर कोणत्या बनावटीचा आहे, तो शेवटचा कधी उघडला होता, हे सहसा कुणी विचारत नाही. खाली गेल्यावर प्रत्येक श्वास मात्र त्यातूनच यायचा असतो.

रेग्युलेटर नेमके काय करतो?

भरलेल्या स्कूबा टाकीत हवेचा दाब सुमारे 200 बार असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज यावा. ही हवा थेट तोंडात सोडता येत नाही. म्हणून दाब दोन टप्प्यांत उतरवला जातो. टाकीच्या तोंडावर बसणारा पहिला टप्पा तो भोवतालच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त इतका खाली आणतो. तोंडातला दुसरा टप्पा श्वास ओढताच झडप उघडतो आणि भोवतालच्या दाबाइतकीच हवा देतो. समुद्रात दर 10 मीटरला एक बार दाब वाढतो. त्यामुळे 30 मीटरवर पृष्ठभागाच्या चौपट हवा खर्च होते. वर मिनिटाला 20 लिटर हवा घेणारा तिथे 80 लिटर घेतो.

मागणीप्रमाणे हवा देणारी ही यंत्रणा 1943 मध्ये फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी रूढ केली. गान्यां यांची मूळ झडप युद्धकाळातील इंधनटंचाईत मोटारी गॅसवर चालवण्यासाठीची होती.

पिस्टन आणि डायफ्रॅम यांत फरक काय?

फरक पहिल्या टप्प्यात आहे. पिस्टन प्रकारात पोकळ दट्ट्या मागे-पुढे सरकतो. हवेचा दाब पुरेसा झाला की दट्ट्याची धार बैठकीवर टेकते आणि हवा थांबते. श्वास घेतला की दाब उतरतो, स्प्रिंग आणि समुद्राचे पाणी मिळून दट्ट्या मागे ढकलतात. भाग कमी, हवेला वाट मोकळी. पण स्प्रिंगच्या कप्प्यात समुद्राचे पाणी थेट येते, सोबत वाळू आणि मीठही.

डायफ्रॅम प्रकारात पाणी आणि यंत्र यांच्यामध्ये जाड रबरी पडदा असतो. पाण्याचा दाब पडद्यावर पडतो आणि आतली पिन झडप उघडते. भाग जास्त, पण आतला गाभा कोरडा राहतो. काही कंपन्या पडद्याबाहेरचा कप्पाही बंद करतात, म्हणजे स्प्रिंगलाही पाणी लागत नाही. स्कूबाप्रोचे एमके 2 आणि एमके 25 हे पिस्टनचे, तर एमके 17 बंदिस्त डायफ्रॅमचा. ब्रिटनच्या एपेक्सची ओळख डायफ्रॅमसाठी आहे.

खरेदी करताना यापेक्षा महत्त्वाचा ठरतो तो ‘बॅलन्स्ड’ हा शब्द. एमके 2 सारख्या साध्या, अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये टाकी रिकामी होत जाते तसा श्वास किंचित जड होतो. बॅलन्स्ड रचनेत तो अखेरपर्यंत सारखा राहतो.

मग श्वास कशातून सोपा?

युरोपच्या ईएन 250 मानकानुसार 50 मीटर खोलीच्या दाबाखाली, मिनिटाला 62.5 लिटर इतक्या जोरदार श्वसनात, दर लिटर हवेमागे तीन ज्यूलपेक्षा जास्त श्रम पडता कामा नयेत. दोन्ही प्रकारचे चांगले रेग्युलेटर ही परीक्षा पास होतात. पर्यटकाला नेतात त्या काही मीटरच्या खोलीत तर फरक जाणवणारही नाही. महागड्या पिस्टनचा मोठा हवेचा प्रवाह खोल पाण्यात, दोघे एकाच टाकीवर श्वास घेत असताना कामी येतो.

थंड पाण्यात गणित बदलते. प्रसरण पावणारी हवा इतकी गार होते की पाणी आत शिरलेल्या यंत्रात बर्फ धरू शकतो आणि झडप उघडी अडकते. तिथे बंदिस्त डायफ्रॅमच हवा. कोकण-गोव्याच्या कोमट पाण्यात ही भीती नाही. पण किनाऱ्याजवळचा गाळ आणि वाळू पाहता बंदिस्त कप्पा इथेही उपयोगाचा, फक्त कारण वेगळे.

बिघडला तर हवा बंद होते का?

बहुतेक वेळा उलटे होते. प्रचलित दुसऱ्या टप्प्याची झडप अशी बसवलेली असते की आतला दाब प्रमाणाबाहेर वाढला तर ती उघडते. हवा थांबत नाही, भसाभस वाहू लागते. म्हणूनच नवशिक्यांना वाहत्या रेग्युलेटरमधून श्वास घ्यायला शिकवतात. धोका हा, की टाकी काही मिनिटांत रिकामी होऊ शकते.

दुरुस्तीला सोपा कोणता?

साधा पिस्टन. मोजक्या ओ-रिंग, एक बैठक, एक स्प्रिंग. मात्र दट्ट्याच्या धारेवर ओरखडा आला तर बैठक बदलून भागत नाही, दट्ट्याच बदलावा लागतो. डायफ्रॅममध्ये सुटे भाग अधिक आणि जुळवणी किचकट. पण मधला दाब बाहेरून किल्लीने कमी-जास्त करता येतो. काही पिस्टनमध्ये त्यासाठी पहिला टप्पा उघडून पातळ चकत्या घालाव्या लागतात.

अनेक उत्पादक वर्षातून एकदा किंवा 100 डाइव्हनंतर तपासणी सांगतात. हौशी पाणबुड्याला शंभरी गाठायला दोन-तीन वर्षे लागतील. व्यावसायिक केंद्रात एक रेग्युलेटर दिवसाला पाच जणांनी वापरला, तर ती 20 दिवसांत भरते. ‘दरवर्षी सर्व्हिसिंग करतो’ हे उत्तर तिथे पुरेसे नाही. रचना कोणती यापेक्षा त्या कंपनीचे सुटे भाग आणि प्रशिक्षित कारागीर जवळ आहेत का, हे आधी पाहावे. भाग मिळत नसतील तर उत्तम रेग्युलेटरही कपाटात पडून राहतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तसाच वापरला जातो.

रोजची निगा साधी आहे. गोड्या पाण्यात धुताना पहिल्या टप्प्याचे टोपण घट्ट हवे आणि दुसऱ्या टप्प्याचे बटण दाबायचे नाही. दाबले की पाणी नळीतून वर चढून आत गंज धरते. पावसाळ्यात किनारा बंद असतो, तेव्हा पूर्ण उघडून साफ करण्याला निवांत वेळ मिळतो.

उतरण्यापूर्वी काय पाहावे?

पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी. तिच्यावर हिरवी भुकटी असेल तर आत पाणी गेले आहे, तांबूस असेल तर पोलादी टाकी गंजली आहे. नंतर बोटीवरच तीन-चार दीर्घ श्वास घेताना दाबमापकाकडे पाहावे. काटा श्वासागणिक खाली येत असेल, तर टाकीची झडप नीट उघडलेली नाही किंवा जाळी तुंबली आहे. अशा वेळी दुसरा संच मागून घ्यावा.