झोपेचे तुकडे केले तर वेळ वाचतो का?

परीक्षा जवळ आली की पहिली कात्री झोपेवर चालते. ही कात्री कशी चालवावी याची तयार वेळापत्रकेही आता विद्यार्थ्यांमध्ये फिरतात. ‘उबरमन’ पद्धतीत दर चार तासांनी २० मिनिटांची डुलकी. दिवसभरात सहा डुलक्या, एकूण झोप दोन तास. ‘एव्हरीमन’मध्ये रात्री तीन तास आणि दिवसा २० मिनिटांच्या तीन डुलक्या. कल्पना जुनीच आहे. अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर दर सहा तासांनी अर्धा तास झोपून भागवत असल्याचे वृत्त १९४३ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने दिले होते. सवय झाली की मेंदू थेट आवश्यक तेवढ्याच झोपेत शिरतो, असा या पद्धतींच्या समर्थकांचा दावा असतो.

झोपेची घडण पाहिली तर हा दावा टिकत नाही. रात्रीची झोप साधारण ९० मिनिटांच्या चक्रांनी पुढे सरकते. पूर्वरात्री गाढ झोप अधिक असते, तर पहाटेकडे ‘रेम’ झोप वाढत जाते. ठळक स्वप्ने पडतात ती मुख्यतः याच झोपेत. दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू गाढ आणि रेम अशा दोन्ही झोपांत करत असतो. कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवले होते, की पाठ केलेली निरर्थक अक्षरे तितकेच तास जागे राहण्यापेक्षा झोपून उठल्यावर जास्त आठवतात. २० मिनिटांच्या डुलकीत एक चक्रही पुरे होत नाही.

दुसरी अडचण शरीराच्या घड्याळाची. १९९९ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स साइस्लर यांच्या गटाने स्वयंसेवकांना मंद प्रकाशात २८ तासांच्या कृत्रिम ‘दिवसा’वर ठेवले. तरीही त्यांचे आतले घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांनीच फिरत राहिले. दर चार तासांनी गजर लावला म्हणून हे घड्याळ आपली फेरी बदलत नाही.

सर्वात घातक गोष्ट म्हणजे नुकसान आपले आपल्याला कळत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ मधील प्रयोगात रोज सहा तास किंवा त्याहून कमी वेळ झोपू दिलेल्यांची एकाग्रता दोन आठवडे घसरत गेली. शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी ढासळली. तरीही आपल्याला फारशी झोप येत नाही, असेच ते सांगत होते. ‘मला सवय झाली आहे’ या वाक्यावर म्हणूनच विसंबू नये. तुकड्यातुकड्यांच्या झोपेवरील संशोधन तपासून अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञ गटाने २०२१ मध्ये निष्कर्ष काढला, की या वेळापत्रकांच्या फायद्याला पुरावा नाही आणि ती टाळावीत.

मग वेळेची ओढाताण असलेल्याने काय करावे? १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास आणि प्रौढांना किमान ७ तास झोप हवी, हे आधी मान्य करावे आणि झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली ठेवावी. हार्वर्डच्या ६१ विद्यार्थ्यांच्या २०१७ मधील अभ्यासात अनियमित झोपणाऱ्यांचे गुण कमी आढळले, जरी त्यांची सरासरी झोप इतरांइतकीच होती. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण इशारा स्पष्ट आहे. रात्रीच्या झोपेला जोड म्हणून दुपारी २० मिनिटांची वामकुक्षी जरूर घ्यावी; त्या वेळी शरीराची सतर्कता तशीही उतरलेली असते. मात्र ती संध्याकाळपर्यंत लांबली तर रात्रीची झोप उडते.

पहाटेच्या अभ्यासाचा आग्रह धरणाऱ्या पालकांनीही एक हिशेब मांडावा. किशोरवयात झोपेचा संकेत देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा वाढते. त्यामुळे बारा वाजता झोपलेल्या मुलाला चारला उठवले, तर त्याची झोप निम्मी होते आणि रेम झोपेचा मोठा वाटा हातचा जातो. पहाट हवी असेल तर रात्रीचे दिवे लवकर मालवावे लागतील. अभ्यासाच्या वेळापत्रकात झोपेचे तास सर्वात आधी लिहावेत आणि विषयांची वाटणी उरलेल्या तासांत करावी. वाचलेले परीक्षेपर्यंत टिकवायचे असेल, तर झोपही अभ्यासाच्याच तासांत मोजली पाहिजे.