फोन घरात, पण कोणाच्या हातात?

शाळकरी मुलांमधली डिजिटल दरी मोजताना पहिला प्रश्न असतो तो घरात स्मार्टफोन आहे का, हा. 'असर' या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. आकडा झपाट्याने वाढला, तरी दरी तेवढ्याने बुजली नाही.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात याचे कारण लगेच कळते. १६ तालुक्यांचा हा कापसाचा मुलूख. घरातला एकुलता एक फोन सकाळी बापाबरोबर शेतावर जातो आणि संध्याकाळी परततो तेव्हा चार्जिंग संपत आलेले असते. मग त्यावर पहिला हक्क बहुधा थोरल्या मुलाचा. मुलींची पाळी शेवटी येते. २०२४ च्या 'असर'मध्ये, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातल्या ३६.२ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये २६.९ टक्केच. रिचार्ज संपला की सगळ्यांचाच अभ्यास थांबतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे सारे उघडे पडले. व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास येऊ लागला, पण फोन नसलेली मुले त्याबाहेर राहिली. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली, हा निर्णय योग्य होता. टीव्हीला डेटा लागत नाही.

भाषेची अडचण मात्र कोणत्याही यंत्राने आपोआप सुटत नाही. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. कोलामी ही द्राविडी भाषा. घरी ती बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलासमोर प्रमाण मराठीतला व्हिडिओ लावला तर चित्रे दिसतात, बोलणे कळत नाही. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर बंजारा बोलीचेही तेच. स्थानिक शिक्षकांनी मुलांच्या बोलीत ध्वनिमुद्रित केलेला साधा पाठही इथे महागड्या अ‍ॅपपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

रेंज नसेल तिथेही मार्ग आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की 'दीक्षा' या शैक्षणिक मंचावरचा पाठ उघडतो, आणि तो डाउनलोड करून ठेवता येतो. शिक्षकाने तालुक्याच्या गावी, नेट मिळेल तिथे, आठवड्याचे पाठ उतरवून घेतले, तर वर्गातल्या टीव्हीवर सगळी मुले ते एकत्र पाहू शकतात. कोणाच्या घरी फोन आहे, हा प्रश्नच उरत नाही.

२०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर राज्यातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर आले. गावाने उभी केलेली ही साधने टिकवायची तर शाळेचे वीजबिल वेळेवर भरले जायला हवे, दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद हवी आणि एका उत्साही शिक्षकाची बदली झाल्यावर यंत्र कपाटात जाऊ नये म्हणून प्रत्येक शाळेत किमान दोघांना ते चालवता आले पाहिजे.