ऊसवाहतुकीचा ट्रक व जीपवर्गीय वाहने : प्रवाससुख आणि इंधनपल्ला

सातारा व सांगली जिल्ह्यांत गळीत हंगाम सुरू झाला, की कराड, वाळवा, पलूस या तालुक्यांतील रस्त्यांवरून उसाने भरलेले ट्रक कारखान्याकडे जातात आणि रिकामे होऊन फडाकडे परततात. भरलेल्यापेक्षा रिकामा ट्रक अधिक आदळतो, हा चालकांचा नित्याचा अनुभव. त्याचे कारण आणि इंधनाच्या हिशेबाशी असलेले नाते प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

ट्रकचे कमानपाटे पूर्ण भार गृहीत धरून घडविलेले असतात. भाराखाली पाटा जितके सेंटिमीटर दबतो, त्या संख्येच्या वर्गमुळाने 5 ला भागले असता आंदोलनाची वारंवारता सुमारे तितके हर्ट्झ येते. समजा, मागील पाट्यांवर 8 टन भार असता ते 10 सेंटिमीटर दबतात. वारंवारता सुमारे 1.6 हर्ट्झ. ट्रक रिकामा होऊन 2 टनच उरले, तर दाब अडीच सेंटिमीटर व वारंवारता दुप्पट, म्हणजे 3.2 हर्ट्झ. बसलेल्या माणसाचे शरीर 4 ते 8 हर्ट्झच्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते. शिवाय पाट्यांतील घर्षणामुळे लहान खड्ड्यांवर पाटे एकमेकांवर सरकतच नाहीत. तेव्हा स्प्रिंगचे काम केवळ टायर करतो आणि वारंवारता नेमकी या पट्ट्यात जाते. चालकाची कंबर निम्म्या खेपा अशी सोसते. हवेच्या फुग्यांची रचना भार बदलला तरी उंची व वारंवारता बरीचशी स्थिर राखते; परंतु ती महाग, आणि पाणंदीच्या चिखल-खडीत रबरी फुगे जपणे सोपे नाही.

इंधनाच्या बाबतीत चढ निर्णायक ठरतो. दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा 2018 मध्ये 16.2 टनांवरून 18.5 टन झाली. एवढे वजन 100 मीटर उंच नेण्यास सुमारे 18 मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलमधील सुमारे 36 मेगाज्यूलपैकी एक तृतीयांश चाकांपर्यंत पोहोचते असे धरल्यास, खंबाटकीसारख्या घाटात प्रत्येक 100 मीटर उंचीला दीड लिटर खर्ची पडते. 6 टनांच्या रिकाम्या ट्रकला अर्धा लिटर पुरते. सपाटीवर मात्र एवढी बचत होत नाही. हवेचा रोध व इंजिनातील घर्षण वजनाबरोबर घटत नाहीत.

जीपवर्गीय वाहनांतही हाच पेच लहान प्रमाणात आढळतो. बोलेरोच्या मागे कमानपाटेच आहेत. एकटा चालक असता ती आदळते, माणसे भरली की सौम्य होते. तिचा छापील इंधनपल्ला मात्र प्रयोगशाळेतील रोलरवर, रिकाम्या वजनात 150 किलोची भर धरून, ताशी कमाल 90 किलोमीटरच्या चक्रात मोजलेल्या आकड्यावर बेततात. मोठ्या ट्रकसाठी 2017 च्या अधिसूचनेने ताशी 40 व 60 किलोमीटर या स्थिर वेगांची चाचणी ठरविली. दोहोंत घाट नाही, रिकामी खेपही नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ट्रकसाठी ‘लिटरला किलोमीटर’ हे मापच अपुरे आहे. लिटरला किती टन-किलोमीटर, हे विचारले पाहिजे. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक खेपेचे भरलेले व रिकामे वजन नोंदले जातेच; त्याशेजारी डिझेलचे लिटर व अंतर लिहिले, तर पदवीच्या विद्यार्थ्यांनाही एका हंगामात हे गणित मांडता येईल.