पाळीतील दुखणे आणि घरातले मौन

मुदखेडसारख्या गावात पाळीच्या दिवसांत मुलीचे पोट दुखणे हा आजार मानला जात नाही. गरम पाण्याची पिशवी, ओव्याचा काढा, मेडिकलवरून आणलेली गोळी आणि ‘लग्न झाले की थांबेल’ हे आश्वासन, एवढ्यावर वर्षे निघून जातात. पै-पैच्या उधारीची नोंद ठेवणाऱ्या घरात या दुखण्याची नोंद मात्र कोठेच नसते.

वास्तविक अशा असह्य वेदनांमागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीरचना गर्भाशयाबाहेर, बीजांडकोश, बीजवाहिन्या, ओटीपोटाचे आवरण, क्वचित आतडे वा मूत्राशय यांवर वाढते. दरमहा तीही संप्रेरकांना प्रतिसाद देते. पण तेथील रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. त्यातून दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजांडकोशात जुने, गडद रक्त साठून झालेल्या गाठीला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. अमेरिकन डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्येच तिचे सविस्तर वर्णन केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा विकार असतो, आणि निदान होईपर्यंत बहुधा काही वर्षे उलटतात. सोनोग्राफीत तो नेहमी दिसतोच असे नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे मुलगी सोंग करते, असा अर्थ काढणे हा तिच्यावर अन्यायच होय.

विवाह वा बाळंतपण हा यावरचा उपचार नव्हे. उलट काही स्त्रियांना याच विकारामुळे गर्भधारणा कठीण जाते आणि बोल मात्र सुनेला लागतो. गर्भाशय काढून टाकल्याने सुटका होईलच, हेही खरे नाही. कारण रोगाची मुळे गर्भाशयाबाहेर असतात. वेदनाशामके, संप्रेरकांच्या गोळ्या आणि गरजेनुसार दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया यांनी त्रास आटोक्यात राहतो.

आपल्या घरांत एक गोष्ट वेगळी जपावी लागते. उपवासात रिकाम्या पोटी वेदनाशामक घेणे अपायकारक ठरू शकते. तपश्चर्येसाठी संप्रेरकाची गोळी परस्पर बंद करू नये. चौविहार पाळणारीने डॉक्टरांना तसे सांगितल्यास गोळीची वेळ सूर्यास्तापूर्वीची ठरवून घेता येते.

नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मुदखेडहून ते फार दूर नाही. जाताना तीन महिन्यांची वही सोबत असावी: पाळीची तारीख, किती दिवस दुखले, शौचाच्या वेळी दुखले का, किती गोळ्या लागल्या, शाळा किंवा काम किती दिवस बुडाले.